दगडाला जायला जागा

३ फेब्रुवारी

बोलायला शिकवणाऱ्या बाई आज येऊन गेल्या. जाताना ही वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, दिवसभरात यांच्या तोंडून जे जे शब्द येतील ते लिहून ठेवत जा. प्रगती कळते." मी लगेच पेन काढून बसलो.

आजचे शब्द: नको.

संपलं. वही एवढी जाडजूड, आणि शब्द एक. कागद वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, तेव्हा उरलेल्या जागेत माझं लिहितो.

हिला अर्धांगाचा झटका आला त्यानंतर उजवी बाजू निम्मीअधिक परत आली आहे. चाकांच्या खुर्चीतून उठून काठीच्या आधाराने पलंगापर्यंत जाते. समजतं सगळं. पण बोलायला गेली की "नको" बाहेर पडतं. चहा हवा असला तरी नको, नको असला तरी नको. येणाऱ्याजाणाऱ्यांना याचा फार त्रास होतो. मला नाही. चाळीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला आहे. समोरच्याचं तोंड उघडं, त्यात माझे दोन्ही हात, आणि मी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतोय. उत्तराशिवाय गप्पा मारण्यात माझा हात धरणारा सापडायचा नाही. ही तेव्हा बाहेरच्या खोलीत बसून पेशंटची नावं घ्यायची. दात दुखायचा थांबला तरी लोक तिच्यापाशी गप्पा मारत रेंगाळायचे. दवाखाना बंद करून या शांत घरात कायमचे बसलो तेव्हा तिचीही त्या कटकटीतून सुटका झाली.

संध्याकाळी लेकीचा फोन. तिच्या फ्लॅटसमोरचा फ्लॅट रिकामा होतोय, लिफ्ट आहे, दोघं तिकडे या म्हणते. फोटो पाठवलेत. एका फोटोत खिडकी, खिडकीखाली बसथांबा आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसं. अशा कलकलाटात राहायचं म्हणजे शिक्षाच. तोच फोटो हिला दाखवला. हिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "नको, नको, नको."

तीनदा. याहून स्पष्ट माणसाने काय बोलावं. लेकीला कळवून टाकलं: तुझ्या आईला हे घर सोडायचं नाही.

७ फेब्रुवारी

लेक ऐकत नाही. म्हणते, "टेकडीच्या टोकाला घर आणि पुढे त्या उभ्या पायऱ्या. हॉस्पिटलमधून आणलं तेव्हा आईला चार माणसांनी उचलून वर नेलं. त्यानंतर ती एकदा तरी खाली उतरली आहे का? बाबा, ते घर नाही, किल्ला आहे." एप्रिलमध्ये ती येणार. तोवर आईला खाली न्यायची सोय झाली नसेल तर आम्हाला घेऊन जाणार. माझ्यासारखीच हट्टी आहे, हे तिच्या आईचं म्हणणं. म्हणजे पूर्वीचं.

सोय करता येते. मागच्या दाराला पायरी नाही. तिथून भिंतीच्या कडेने सिमेंटचा उतार बांधला तर खुर्ची अलगद खालच्या गल्लीत उतरेल. ठेकेदाराला बोलावलं. त्याने टेप लावली, मान हलवली आणि बोट दाखवून विचारलं, "आणि हे काय?"

हे म्हणजे खडक. बरोबर वाटेवर, म्हैस रवंथ करत बसावी तसा काळाकभिन्न बसला आहे. आजवर त्याचा उपयोग एवढाच होता की मी त्यावर ओले बूट वाळत ठेवायचो. ठेकेदार म्हणाला, गल्लीतून मोठं मशीन आत येणार नाही आणि घरं इतकी चिकटून असताना सुरुंगाला परवानगी मिळणार नाही. "तुम्ही तो दगड तेवढा काढून ठेवा, मग मला फोन करा."

मी म्हटलं, "एवढंच ना?"

जन्मभर दाढा उपटल्या. ही जरा मोठी आहे, इतकंच.

११ फेब्रुवारी

बाजारात अवजारं भाड्याने देणारं दुकान आहे. चालवणाऱ्या बाई ऐसपैस, आवाज त्यांच्याहून ऐसपैस. खडक फोडायला काय लागतं, म्हणून विचारलं.

"मला विचारू नका. मी फक्त भाड्याने देते," त्या म्हणाल्या. "लोक अवजार परत आणतात तेव्हा त्यांची तोंडं बघून काय चालत नाही ते कळतं. काय चालतं ते अजून कळलेलं नाही."

घण, छिन्नी आणि पहार घेऊन आलो. बाह्या सरसावल्या. घण डोक्यावर नेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं की घण वर नेणं हा अर्धाच भाग असतो. त्याला आपल्या मनासारखं खाली आणणं हे वेगळं शास्त्र आहे. खडकावर पांढरा ठिपका उमटला. घण उसळला, दांड्यातून झिणझिण्या थेट जबड्यापर्यंत गेल्या आणि माझ्या दाढेवरची कॅप सुटून तोंडात आली. "ही आता जन्मभर हलायची नाही" असं मी ज्या कॅपबद्दल लोकांना सांगत आलो, तीच.

शेजारचे मास्तर, म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर, कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून बघत होते. म्हणाले, "डॉक्टर, तुमचा घण वेळेवर सुटत नाहीये." मग त्यांची बायको आली, पलीकडचे दोघं आले, पोस्टाची पिशवी घेऊन पोस्टमन उभा राहिला. पहार कुठे घालावी यावर प्रत्येकाचं वेगळं मत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आमच्याकडे कधीच तोटा नव्हता.

हिला सांभाळायला येणारी ताई हिची खुर्ची मागच्या खिडकीशी घेऊन आली. ही दुपारभर तिथून हलली नाही. खडकात हिला इतका रस असेल असं वाटलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

घणाने खडकाचा कोपरा गेला. माझा खांदाही गेला. दोघांत जास्त कोण गेलं ते सांगता येत नाही.

मास्तरांनी नवी युक्ती काढली. पूर्वीचे लोक म्हणे खडकावर जाळ करायचे, तो लाल तापला की गार पाणी ओतायचे, की झाला दोन तुकडे. मास्तर इतक्या खात्रीने सांगतात की जणू पूर्वीचे लोक काल त्यांच्याकडे चहाला आले होते. मी जुन्या फळ्या, दवाखान्यातलं मोडकं कपाट असं सगळं रचून पेटवलं. कपाटाचं पॉलिश इतका धूर देतं याची कल्पना नव्हती. शेजाऱ्यांचे दोरीवरचे कपडे काळे झाले, सगळी गल्ली खोकत जमा झाली. मी बादली ओतली. ठो असा आवाज झाला आणि बशीएवढी एक चिप उडून मास्तरांची टोपी घेऊन गेली. मास्तर टोपीखाली होते हे त्यांचं नशीब. खडक होता तिथे होता, फक्त आता आणखी काळा.

मास्तरांची बायको त्यांना बोलली, मला बोलली, मग पूर्वीच्या लोकांना बोलली. मी आत धावलो, हिला धुराचा त्रास झाला असणार म्हणून. खरंच झाला होता. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ताईही तोंडाला पदर लावून उभी. मी सगळ्या खिडक्या उघडल्या.

पुन्हा आग करायची नाही. हिच्या तब्येतीशी खेळ नको.

१६ फेब्रुवारी

आज कोणी आलं नाही. मास्तरांना भिंतीशी यायची बंदी झाल्याचं कळतं. एकट्याने छिन्नी चालवली. ही खिडकीशी फिरकली नाही, भिंतीकडे तोंड करून बसली होती. धुराचा धसका घेतलेला दिसतो.

ताई निघताना म्हणाली, "काका, जरा आत येऊन बसत जा की. दिवसभर घरात आवाज नसतो काही."

मी म्हटलं, "अगं, हातोड्याचा आवाज सबंध गल्लीत जातो."

उद्यापासून जरा हळू मारीन.

२० फेब्रुवारी

ड्रिल मशीन आणलं. म्हणजे आता आपल्या प्रांतात आलो. दगड काय आणि दाढ काय, भोक पाडणं तेच. हाताखालच्या पोरांना मी सारखा ओरडायचो: दाबू नका, मशीनला काम करू द्या, मधून मधून बाहेर काढा, भुकटी झाडा. ही सगळी शिकवण आठवत मी पोटाचा सगळा भार मशीनवर टाकला. बिट अडकलं. मशीन फिरायचं थांबलं आणि त्याच्याऐवजी मी फिरलो. चष्मा एकीकडे, मी एकीकडे. शिवाय घरातला फ्यूज उडाला.

दुकानवाल्या बाई अडकलेलं मशीन सोडवायला स्वतः आल्या. आधी माझं तोंड बघितलं आणि "हं" म्हणाल्या. मशीन सोडवून प्यायला पाणी मागायला आत गेल्या, त्या चहा होऊन, दुसरा चहा होऊन, दिवेलागणीला बाहेर आल्या. आत हिच्याशी बोलत होत्या. म्हणजे त्या बोलत होत्या, आणि ही ऐकत होती. विषय त्यांची जाऊ. ती घरात कशी वागते, दुकानाची वाटणी कशी मागते, फोनवर कशी गोड बोलते. मला खिडकीतून सारखं "माझी जाऊ, माझी जाऊ" ऐकू येत होतं. आजारी माणसाला असली भांडणं ऐकवू नयेत, पण भाड्याच्या मशीनचा प्रश्न असल्यामुळे मी गप्प राहिलो.

२१ फेब्रुवारी

मोठी बातमी. नवा शब्द आला.

सकाळी मी हातमोजे चढवत होतो. हिने काठीने माझी वाट अडवली, ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले आणि म्हणाली, "जा... जाऊ."

मी आनंदाने तिथेच बसलो. म्हटलं, "जाऊ? काल त्या बाई बोलत होत्या ती जाऊ?"

"जाऊ," ही म्हणाली, आणि माझा मोजा धरून ओढला. "जाऊ. जाऊ."

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना फोन करून सांगितलं. कालच ऐकलेला शब्द पकडला, म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे, असं माझं मत मी त्यांना दिलं. वहीत लिहिलं: जाऊ (नातं).

२३ फेब्रुवारी

दिवसभर तेच चाललंय. मी दिसलो की "जाऊ." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हिची स्वतःची जाऊ, म्हणजे माझी वहिनी. दादा गेल्यापासून दुसऱ्या गावी एकटीच असते. या दोघींचं फार वर्षांपूर्वी कसल्याशा पडद्यांच्या रंगावरून जे बिनसलं ते बिनसलंच. लग्नकार्यात भेटल्या तरी एकमेकींच्या साडीशी बोलायच्या. आणि आता आजारपणात हिला तीच आठवावी. मला भरून आलं. माणसाचं मन किती खोल असतं, आणि ते ओळखायला घरात माझ्यासारखं कोणीतरी लागतं.

वहिनीला फोन लावला.

"माझं नाव काढलं तिने?" वहिनी म्हणाली. "नक्की माझंच?"

"सकाळपासून दुसरं काही बोलत नाही."

मग म्हणाली, "उद्याच्या गाडीने निघते."

२८ फेब्रुवारी

वहिनीचं येणं हा माझ्या उपचारांतला सर्वांत यशस्वी उपचार. पहिल्या दिवशी दोघी चोरासारख्या एकमेकींकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी वहिनीने हिचे केस विंचरले आणि विंचरता विंचरता सुरू झाली ती थांबलीच नाही. तिच्या जिन्यावरचे भाडेकरू, दादाचं घोरणं, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पडद्यांचा रंग. तो म्हणे खरोखरच भयानक होता, हे तिने स्वतः कबूल केलं. हिने तिच्या हातावर चापट मारली. दोघी हसत होत्या. स्वयंपाकघरात ताईही हसत होती. मी बाहेर खडकाला भोकं पाडत होतो, त्यामुळे कशाला हसल्या ते कळलं नाही.

काल हिने वहिनीला लेकीच्या फ्लॅटचा फोटो दाखवला, बसथांब्यावर बोट आपटत. मी आत येऊन वहिनीला समजावून सांगितलं की तिला त्या कलकलाटाची किती चीड आहे. वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

आज निघायची वेळ आली. वहिनीने बॅग भरली तेव्हा हिने बॅगेचा पट्टा मुठीत धरला तो सोडेचना. "जाऊ," ही म्हणे, "जाऊ, जाऊ." डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, बघा वहिनी, किती माया ही.

दाराशी चपला घालताना वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, दात काढण्याआधी तुम्ही पेशंटला विचारत होता का, कुठला दुखतोय ते?"

"म्हणजे काय. त्याशिवाय हात कसा लावणार?"

"मग इथे एकदा नीट विचारा," म्हणाली आणि पायऱ्या उतरून रिक्षात बसली.

दुपारभर त्या वाक्याचा विचार करतोय.

१ मार्च

वहिनी हुशार बाई आहे. चुकलं कुठे ते तिला चार दिवसांत कळलं आणि मला महिनाभर कळलं नाही. मी खडकाला विचारलंच नव्हतं. दिसला की हाणत सुटलो.

आज अवजाराला हात न लावता फक्त तपासणी केली. गुडघ्यांवर बसून, टॉर्च घेऊन, बोटाने चाचपून, हातोडीने टिचक्या मारत. दवाखान्यात करायचो तशी. तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. एक, खडकाच्या पाठीवरून आडवी एक बारीक रेघ जाते, तिथे आवाज बद्द येतो. दोन, मी भोकं पाडत होतो ती भिंतीच्या बाजूला, म्हणजे तडा गेला असता तरी तुकडा सरकणार कुठे? पुढे भिंत. आणि तीन, खालच्या गल्लीच्या बाजूला त्याच्यापुढे मोकळी जागा आहे. दाढ काढताना आपण ती ओढत नाही. आधी आजूबाजूला सैल करतो, तिला जायला जागा करून देतो, मग ती आपसूक येते. दगडालाही जायला जागा लागते. हे मी हजार वेळा शिकवलं असेल. शिकवलेलं आपल्यालाही लागू असतं, एवढं मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

रेघेच्या कडेने, मोकळ्या बाजूला धरून, एका ओळीत भोकं पाडायला घेतली. न दाबता.

६ मार्च

भोकं झाली. दुकानवाल्या बाईंनी एक भुकटी दिली. पाण्यात कालवायची, भोकांत ओतायची. ती वाळता वाळता फुगते आणि आतून दगड रेटते. ना आवाज, ना धूर. "उद्यापर्यंत जवळ जायचं नाही आणि भोकात वाकून अजिबात बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "कधीकधी तोंडावर उसळते. दोघांची तोंडं बघितली आहेत मी."

सकाळी ओतली. वर गोणपाट टाकलं आणि मग करायला काही उरलं नाही. हातात काही नसलं की मला घरात कुठे उभं राहावं ते कळत नाही. शेवटी हिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. भुकटीचं रसायनशास्त्र समजावून सांगितलं. मग दगडांचे प्रकार. मग मास्तरांची टोपी. मग माझ्याकडचं बोलणं संपलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. दवाखान्यात तेवढ्यात पेशंटची चूळ भरायची वेळ व्हायची.

दोघं गप्प बसलो. हे घर किती शांत आहे ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. नळाचा थेंब ऐकू येतो. ताई सुट्टीवर होती. मनात आलं, मी बाहेर ठोकत असतो तेव्हा हिला एवढंच ऐकू येत असणार, आणि माझं ठोकणं.

बऱ्याच वेळाने हिने तोंड उघडलं. मी वाट बघितली. मध्ये शब्द घातला नाही, कारण एकही सुचत नव्हता. हिच्या कपाळावर घाम आला. म्हणाली, "जाऊ." मग थांबली. दम घेतला. "या."

दोन शब्द जोडले. मी धावत फोनकडे गेलो आणि तिथूनच, हिच्यासमोर, वहिनीला लावला.

"वहिनी, आज तुम्हाला परत बोलावतेय ती. 'जाऊ, या' म्हणाली. स्पष्ट."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "ती मला बोलावत नाहीये. कधीच बोलावत नव्हती. तुम्ही जे मध्ये थांबताय ना, तिथे थांबू नका. एका दमात म्हणून बघा."

मी म्हणून बघितलं. "जाऊ या."

मागून आवाज आला. "हो."

वळून बघितलं तर ही खुर्चीतून अर्धी उठली होती, काठी सोडून, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. "हो," ही म्हणाली. "हो. हो."

फोन कधी ठेवला आठवत नाही. वहिनी म्हणते मी ठेवलाच नाही, तिने सगळं ऐकलं.

तोच, दुपारनंतर

फोटो पुढे ठेवले. एक या घराचा, एक लेकीच्या खिडकीचा. विचारलं, "कुठे राहायचं?" तिने बसथांब्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "पण तू तीनदा नको म्हणाली होतीस." तिने माझ्याकडे असं बघितलं की मला चहाची आठवण झाली. हवा असला तरी नको.

"तिथे दिवसभर माणसं बडबडतात," मी म्हटलं.

"माणसं," ही म्हणाली. तो शब्द तिने चॉकलेटसारखा तोंडात धरून ठेवला. "माणसं."

डोंगर पोखरून उंदीर काढतात असं ऐकलं होतं. मी डोंगर पोखरायला घेतला तो उंदराला न विचारता. ही उपमा हिला ऐकवली. हिने काठी उचलली, म्हणजे समजली.

७ मार्च

सकाळी गोणपाट काढलं. रेघेच्या जागी केसाएवढी चीर. दुपारी तिच्यात नखं गेली, संध्याकाळी बोट. कुठेही काही वाजलं नाही. पहार घातली आणि नुसता हात टेकला, तर एवढा मोठा तुकडा सुस्कारा सोडून गल्लीच्या बाजूला कलंडला. भिंतीशी मास्तर (बंदी उठली), त्यांची बायको, पोस्टमन. मास्तर टोपी काढून उभे राहिले, जणू कोणी गेलं.

आता प्रश्न असा की घर सोडून जायचंच असेल तर हा खडक फोडला कशाला. मास्तरांनी तो विचारलाच. मी म्हटलं, हिला खाली न्यायचं कसं? मला स्वतःलाच हे उत्तर इतकं पटलं की जणू पहिल्या दिवसापासून माझा हाच बेत होता.

२९ मार्च

उतार झाला. ठेकेदार "तुम्ही एकट्याने काढलात?" असं तीनदा म्हणाला, म्हणून त्याचं काम चांगलं आहे असं मी सगळ्यांना सांगतो. बोलायला शिकवणाऱ्या बाई शेवटच्या भेटीला आल्या. आता हिच्याकडे पंधरा-वीस शब्द आहेत. मी त्यांना विचारलं, ड्रिल मशीनच्या कंपनांचा मेंदूवर काही चांगला परिणाम होत असेल का? त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग या वहीत शेवटची सही केली.

घर मास्तरांचा पुतण्या भाड्याने घेतोय.

५ एप्रिल

लेक आली. तिने खुर्ची धरली, पण उतार सुरू झाल्यावर हिने तिचा हात बाजूला सारला आणि ब्रेक स्वतः दाबत, सोडत, खाली उतरली. मी पुढे उलटा चालत होतो, निसटलीच तर अंगावर घेण्यासाठी. खाली गल्लीत सगळे जमले होते. दुकानवाल्या बाई दुकान बंद करून आल्या होत्या आणि जावेचा ताजा किस्सा अर्ध्यावर होता. गाडीचं दार उघडून चालक उभा. "थांब," ही त्याला म्हणाली, आणि किस्सा संपेपर्यंत गाडीत बसली नाही. लेक माझ्या कानात म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाला होता आईला यायचंच नाही."

मी म्हटलं, "मधल्या काळात आमचं बोलणं झालं."

१२ एप्रिल

इथे लिहायला सवड होत नाही. लिफ्ट दोन दिवस बंद होती, बसचा हॉर्न पहाटेपासून सुरू होतो, आणि दुपारची झोप हा विषय मी सोडून दिला आहे. ही सकाळपासून खिडकीत असते. कोण कोणाशी भांडलं, कोणाची छत्री राहिली, कोणती पोरगी कोणासाठी मुद्दाम बस सोडते, सगळं तिला ठाऊक. सांगताना शब्द अडतात, मग हाताने सांगते, मग शब्द सापडतो. मी समोर बसून ऐकतो. यात मी अजून नवशिका आहे. मध्येच वाक्य पूर्ण करून द्यायला जातो, आणि दरवेळी चुकीचं करतो.

आत्ताच, हे लिहीत असताना, तिने खिडकीतून हाक मारली. "अहो." झटक्यानंतर पहिल्यांदा. मी इथूनच विचारलं, काय झालं?

"अहो, या," ती म्हणाली. "भांडण."

जातो.